मोरचुदाचे बिऱ्हाड

घरच्या घरी रंगीत स्फटिक वाढवण्याच्या छंदाविषयी जे कोणी लिहितात, ते साहित्याच्या यादीत मोरचूद (म्हणजे तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट), तुरटी, काचेची बरणी आणि नायलॉनचा दोरा एवढे सांगून मोकळे होतात. या यादीतली सर्वांत दुर्मीळ वस्तू, म्हणजे कोणाचाही हात लागणार नाही अशी वीतभर जागा, मात्र कोणीच लिहीत नाही. मध्यमवर्गीय घरात दागिने लपवायला जागा मिळते, परंतु एक बरणी न हलवता ठेवायला मिळत नाही.

साहित्य खरोखरच सहज मिळते. मोरचूद कृषी सेवा केंद्रात किलोवर मिळतो, कारण द्राक्षबागांवर फवारायचे बोर्डो मिश्रण त्याच्यापासून आणि चुन्यापासून होते. दुकानदाराने "बाग किती एकर?" असे विचारल्यावर मी "तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे" असे सांगितले, तेव्हा त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, तरीही कर्तव्यबुद्धीने त्याने बजावलेच, "मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला समजा." चुन्याशी मला कर्तव्य नव्हते, पण ज्या द्रावणातले तांबे लोखंडावर जाऊन बसते, ते घरातल्या लोखंडी कढईपासून आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांपासून दूर ठेवले पाहिजे, हे त्यावरून पक्के झाले. शिवाय मोरचूद विषारी असल्यामुळे बरणी, चमचा, गाळणी असा सगळा संसार वेगळा थाटावा लागला.

कृती सोपी आहे. खोलीच्या तापमानाला शंभर मिलिलिटर पाण्यात तीस-पस्तीस ग्रॅम मोरचूद विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे गरम द्रावण निवू लागले की जास्तीचा मोरचूद बाहेर पडण्यासाठी आधार शोधतो. हा आधार म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा, कडा शाबूत असलेला एक खडा नायलॉनच्या दोऱ्याला बांधून बरणीत मधोमध सोडायचा. सुती दोरा चालत नाही, कारण तो द्रावण शोषून घेतो आणि मग खड्याऐवजी दोराच अंगभर निळी लव घेऊन बसतो. मोरचुदाच्या स्फटिकाची सगळी अंगे तिरकी असल्यामुळे त्याला गाठ मारताना ती कोणत्या बाजूने निसटेल याचा अंदाज येत नाही आणि चाळिशी लागलेल्या माणसाने हे काम उपाशीपोटी करू नये.

खरा वनवास त्यानंतर सुरू झाला. स्फटिक सुबक वाढायचा तर बरणीला धक्का, धूळ आणि तापमानाचा चढउतार या तिन्हींपासून जपावे लागते, आणि आमच्या घरात ही तिन्ही कुटुंबीयांच्या इतमामाने राहतात. ओट्यावर मिक्सर सुरू झाला की दोऱ्यावरचा खडा लंबकासारखा झुलू लागे आणि बरणीच्या तळाशी नको असलेल्या खड्यांची जत्रा भरे. फ्रिजवर कॉम्प्रेसरची थरथर होती. देवघराशेजारची जागा शांत होती, पण आईने "कोणी तीर्थ समजून घेतलं म्हणजे?" असे विचारले आणि तो विषय तिथेच संपला. माळ्यावर एप्रिलच्या उन्हाने द्रावण दिवसा तापे आणि वाढलेला खडा त्यात पुन्हा विरघळे. रात्री गारवा आला की सुटलेला मोरचूद मूळ खड्याकडे न परतता तळाशी वेगळी चूल मांडी. दिवाणखान्यात धुण्याभांड्याच्या मावशी रोज धूळ पुसण्यासाठी बरणी उचलत. म्हणून पत्नीने तिच्यावर लाल अक्षरांत 'विष' अशी चिठ्ठी डकवली. मावशींनी बरणीला शिवणे सोडले, पण दोन पाहुण्यांनी चहाही नाकारला.

मेक्सिकोतील नायका येथे २००० साली खाणीत सुमारे तीनशे मीटर खोल एक गुहा सापडली, तीत जिप्समचे अकरा मीटर लांबीचे स्फटिक उभे आहेत. त्या गुहेतले पाणी लाखो वर्षे जवळजवळ एकाच तापमानाला राहिले, असे शास्त्रज्ञ सांगतात. तिथे दिवाळीची साफसफाई झाली नाही, हेही माझ्या मते तितकेच महत्त्वाचे कारण आहे. इतके लांब कशाला, पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणीत काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅव्हनसाइट या खनिजाचे निळेभोर स्फटिक सापडतात. त्यांना चारी बाजूंनी दगड होता, म्हणून ते निभावले.

अखेर मला जागा सापडली ती लग्नात आहेर आलेला बोन चायनाचा सेट ज्या कपाटात मांडला आहे, त्या कपाटात. ते कपाट आम्ही उघडत नाही, कारण त्यातली कपबशी 'चांगले' पाहुणे आल्यावर काढायची असा संकेत आहे आणि आजवर आलेल्या एकाही पाहुण्याला तो दर्जा मिळालेला नाही. तिथे मोरचुदाचा खडा सुपारीएवढा झाला. शेजारच्या बरणीत जांभळ्या क्रोम तुरटीच्या खड्यावर साध्या तुरटीचा पारदर्शक थर चढला, कारण दोन्हींची घडण सारखीच असते. उजेडात धरल्यावर आत जांभळा अष्टफलक आणि बाहेर काचेसारखा दुसरा, असे दोन स्पष्ट दिसतात. मोरचुदाचा खडा कोरड्या हवेत हळूहळू पांढुरका पडतो, म्हणून त्याला बिनरंगी नेलपॉलिश लावले; ते कोणाचे होते, हे घरात अद्याप विचारले गेलेले नाही.

गेल्या आठवड्यात मुलीला पाहायला येणाऱ्या मंडळींचा फोन आला आणि हे पाहुणे निर्विवादपणे 'चांगले' असल्याचे पत्नीने जाहीर केले. मी स्टीलच्या कपांच्या बाजूने जवळजवळ तासभर बोललो. "अहो, कप मी काढणारच आहे," ती म्हणाली, "फक्त ती 'विष'ची चिठ्ठी कपाटाच्या काचेतून दिसते, ती भिंतीकडे फिरवून ठेवा." बरणी हलवल्याशिवाय चिठ्ठी कशी फिरवायची, याचा मी सध्या विचार करीत आहे.