खुबा मोडायच्या आधी कोर्टात जाऊन या

ऑपरेशन ठरलं म्हणून लगेच पिशवीत टॉवेल, थर्मास आणि स्टीलचा पेला भरायला घेऊ नका. ते नंतर होतं. आधी स्टॅम्प व्हेंडर गाठा, टायपिंगवाला गाठा, नोटरी गाठा, आणि आधार कार्ड खिशात घेऊन हिंडणारी दोन रिकामी माणसं शोधून ठेवा. हाड, पित्ताशय, मोतीबिंदू वगैरे किरकोळ बाबी डॉक्टर बघून घेतात, त्यांचं ते रोजचंच आहे. खरी गुंतागुंत पुढे आहे: तुमच्या वतीने सही कोण करणार, आणि त्या माणसाला सही करू द्यावी असं म्हणणारी तुमची सही खरी आहे, यावर सही कोण करणार.

माझी मावशी गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय एकोणऐंशी. लग्न केलं नाही, भावंडांत आता कुणी उरलेलं नाही, जवळ राहणारी मी एक भाची. डॉक्टर आले, एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला, ‘बॉल बदलावा लागेल, जितक्या लवकर तितकं बरं’ म्हणाले आणि गेले. त्यानंतर आमचा ताबा काचेमागच्या मॅडमनी घेतला.

‘पेशंटच्या कोण तुम्ही?’

‘भाची.’

‘ब्लड रिलेशन कुणी नाही का?’

आईची सख्खी बहीण म्हटल्यावर रक्त नक्की कुठे वेगळं झालं ते मला कळेना. मॅडमनी समजावलं की ब्लड रिलेशन म्हणजे नवरा, मुलगा, मुलगी. नवऱ्याशी रक्ताचं नातं असलेल्या बायका त्यांनी कुठे पाहिल्या हे मी विचारलं नाही, कारण ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, लिस्ट त्यांच्या टेबलावर होती. ‘मग मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नी नोटरी करून आणा,’ त्या म्हणाल्या. म्हणजे मावशीच्या वतीने उपचारांचे निर्णय मी घ्यायचे, असं मुखत्यारपत्र. ‘त्याशिवाय केस लिस्टला लागणार नाही.’

तर सल्ला पहिला: लग्न करा.

मुलंही होऊ द्या, पण ती गावातच राहतील अशी बघा. परदेशात मुलं असलेल्यांनी हुरळून जायचं कारण नाही. मुलाकडून कागद हवा असला की तिकडचा नोटरी, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून तिकडच्या सरकारचा दाखला (त्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे, तेवढी सोय आपण करून ठेवली आहे), मग कुरिअर, मग कागद इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क. मोडलेलं हाड तोवर थांबतं. हाडं समजूतदार असतात.

सल्ला दुसरा: पडायचंच असेल तर कोर्टाच्या सुट्ट्या बघून पडा.

तिसरा, स्टॅम्प पेपर. जुन्या आठवणीवर विसंबून शंभराची नोट घेऊन जाऊ नका. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या कागदाची जागा पाचशेच्या कागदाने घेतली आहे. पैशाचं सोडा. व्हेंडरने विचारलं, ‘कुणाच्या नावावर?’ मावशीच्या, म्हटलं. ‘मग त्यांना आणा, रजिस्टरला सही लागते.’ त्या झोपून आहेत हो, पायाला वजन लावलंय. ‘मग दुसऱ्या पार्टीच्या नावावर घ्या.’ दुसरी पार्टी म्हणजे मी. म्हणजे मावशीने मला अधिकार देण्याचा कागद मीच माझ्या नावाने विकत घेतला. यात त्या रांगेत कुणालाही काही वावगं वाटलं नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका, मागचे ओरडतात.

यानंतर मजकूर. मेडिकल मुखत्यारपत्राचा फॉरमॅट आहे का, असं टायपिंगवाल्याला विचारू नका. त्याच्याकडे सगळ्याचा फॉरमॅट असतो आणि तो जमिनीचा असतो. त्याने आमच्यासमोर जुनी फाईल उघडली, ‘मिळकत’ या शब्दाच्या जागी ‘ऑपरेशन’ टाकलं, सगळीकडे एकदम बदललं आणि प्रिंट काढली. त्यामुळे आमच्या कागदात मला ‘सदर ऑपरेशनचा प्रत्यक्ष व शांततापूर्ण ताबा’ मिळाला होता. सदर ऑपरेशन भाड्याने देणे, गहाण ठेवणे, त्यावर बँकेचे कर्ज काढणे आणि सदर ऑपरेशनचा सातबारा माझ्या नावे लावून घेणे हेही अधिकार होते. चतुःसीमा काढायची राहून गेली होती: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस कुणा पाटलांचे ऑपरेशन. मी दाखवल्यावर तो म्हणाला, ‘ताई, जास्त पॉवर असलेली बरी. कमी पडली तर परत याल.’

साक्षीदारांबद्दल एवढंच, की हॉस्पिटलचा स्टाफ सही करत नाही. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या जावयाशी पहिल्या दिवसापासून गोड बोलत जा.

आता नोटरी. यांचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारच्या नोटरीला पेशंट बघायची गरज नसते. आधारची झेरॉक्स द्या, सही मावशींचीच ना, बरं, ठप्प. त्याच्या टेबलाशी पाच मिनिटं उभी होते, तेवढ्यात आमच्यापुढच्या एका आजोबांनी आपलं घर पुतण्याच्या स्वाधीन केलं. आजोबा तिथे नव्हते. दुसऱ्या प्रकारचा नोटरी कायद्याने चालतो. सही करणारी व्यक्ती समोर हवी, तिने रजिस्टरमध्येही सही करायला हवी. बरोबर आहे त्याचं, शंभर टक्के बरोबर. फक्त ज्या कामासाठी कागद हवा ते काम असं आहे की त्या व्यक्तीला कुशीवर वळवायलाही दोन वॉर्डबॉय आणि एक सिस्टर लागतात. हॉस्पिटल म्हणतं, नोटरी झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. नोटरी म्हणतो, पेशंट आणल्याशिवाय नोटरी नाही. ऑपरेशन झाल्याशिवाय पेशंट उठत नाही. मी या दोघांच्या मध्ये रिक्षाने फिरत होते आणि प्रत्येक वेळी दोघंही मला अतिशय नम्रपणे समजावून सांगत होते.

यावर तोडगा ‘व्हिजिट’. म्हणजे नोटरी स्कूटरवरून येतो, येण्याचे वेगळे घेतो, आणि किती घेतो ते तुमच्या चेहऱ्यावरून ठरतं. म्हणून जाताना रडू नका. रडलेल्याचा भाव वेगळा असतो.

तो आला तेव्हा मावशी सकाळपासून उपाशी होती. पाणीसुद्धा नाही, कारण ‘कागद आला की लगेच घेऊ’ असं सांगून ठेवलं होतं. नोटरीसाहेबांनी दारातूनच आवाज दिला, ‘आजी, इथे सही करा बरं का, खूण केलीय तिथे.’ आता माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. गावातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख काय, हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या तिच्या सहीने ठरलेलं आहे. तिने चष्मा मागितला. मग पेन मागितलं. मग पाठीवर पडल्या पडल्या, कागद डोक्यावर धरून, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू लागली. ‘मिळकत’ जिथे चुकून राहिलं होतं तिथे काट मारली. गहाण ठेवण्याचं वाक्य अख्खं खोडलं. नोटरी घाबरून म्हणाला, ‘आजी, खाडाखोड करू नका, प्रत्येक खाडाखोडीपाशी सही लागते!’ तिने प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली. शेवटी एका ओळीवर थांबली: ‘सदर मुखत्यारपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व नशापाणी न करता लिहून दिले आहे.’ मला म्हणाली, ‘अगं, मी अक्कलहुशारीने हे लिहून देऊ शकते, तर ऑपरेशनला हो म्हणायला माझी अक्कलहुशारी का पुरत नाही?’

नोटरीकडे याचं उत्तर नव्हतं. त्याने तिकीट चिकटवलं, लाल शिक्का मारला आणि पुढच्या व्हिजिटला गेला.

उत्तर माझ्याकडेही नव्हतं, म्हणून मग व्हरांड्यात बसून आमच्याकडच्या एका वकिलाला फोन लावला. त्याच्याकडून कळलेलं तुम्हालाही सांगून ठेवते, उपयोग काहीच होणार नाही. १८७२ चा करार कायदा आहे, इंग्रजांचा, अजून चालू. त्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. इतर काही देशांत माणूस बेशुद्ध पडल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून तर कोमातल्या नवऱ्याचं बँकखातं चालवायला बायकांना उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. थोडक्यात, मावशी शुद्धीवर आहे तोवर आमच्या कागदाची गरज नाही, आणि ज्या दिवशी खरोखर गरज पडेल त्या दिवशी त्याची रद्दी. पाचशेचा स्टॅम्प, व्हिजिट, साक्षीदार जावई, सगळं धरून.

आणखी ऐका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्यात मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमायचा तर कायदा काय मागतो? साधा कागद आणि सही किंवा अंगठा. बस. मन आजारी पडलं तर साधा कागद चालतो, पण खुबा मोडला तर म्हातारीचं मन ठीक आहे यासाठी लाल शिक्का.

‘मग ते लिव्हिंग विलचं काय?’ असं तुमच्यातला वर्तमानपत्र वाचणारा विचारेल. आहे ना. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली, तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपल्यासाठी कुणी बोलायचं त्यांची नावंही त्यात लिहिता येतात, एकाहून जास्त. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र करून दाखवलं. पण ते शेवटच्या टप्प्यातल्या आजारासाठी, व्हेंटिलेटर लावायचा की काढायचा त्यासाठी. बॉल बदलायला नव्हे. तरी काचेमागच्या मॅडमना मी विचारून पाहिलं. त्यांनी विचारलं, ‘ते इन्शुरन्सचं आहे का?’

तर आमचा कागद. मी तो काचेखालून सरकवला. मॅडमनी वाचला नाही. पंचिंग मशीन घेतलं, बरोबर नोटरीच्या शिक्क्यातून दोन भोकं पाडली, फाईलला लावला आणि म्हणाल्या, ‘आता उद्याच्या लिस्टला. आजची ओटी संपली.’ मावशीला संध्याकाळी चहा दिला, रात्री बारानंतर पुन्हा पाणी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर संमतीपत्र घेऊन आली. त्यावर पेशंटची सही घेतली. मावशीचीच! शेजारी ‘नातेवाईक’ म्हणून माझी. मुखत्यार म्हणून नाही, फाईल उघडलीसुद्धा नाही. एक अख्खा दिवस ती बाई मोडक्या खुब्याने, पायाला वजन लावून, कोरड्या घशाने पडून राहिली, आणि ज्या कागदासाठी पडून राहिली तो कुणी वाचलेला नाही. आजतागायत नाही. माझी पैज आहे.

रुग्णहक्कांची सनद लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी सक्तीचं आहे. त्या हॉस्पिटलातही आहे. मत्स्यालयाच्या मागे.

आता हॉस्पिटल चालवणाऱ्यांना सरळ विचारते. तुम्हाला भीती बिलाची आहे का? मग बिलाचं हमीपत्र मागा. मी मुकाट्याने सही करीन, डिपॉझिट मीच भरलं आहे. भीती कोर्टकचेरीची आहे? मग २००८ चा समीरा कोहली खटला वाचा. बाई भुलीखाली होती, डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. सख्खी आई, तुमच्या भाषेत एक नंबरचं ब्लड रिलेशन. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आईची संमती चालणार नाही. त्या खटल्यात डॉक्टरांच्या अंगाशी आलं ते नातेवाइकाची सही नव्हती म्हणून नव्हे, पेशंटची नव्हती म्हणून. आणि जीवच धोक्यात असेल तर संमतीसाठी न थांबता उपचार करायला कायदा तुम्हाला मोकळीक देतो. मग हे नोटरीचं खूळ कुणाच्या डोक्यातून आलं? तुमच्या लीगलमधल्या कुणीतरी कधीतरी फॉर्ममध्ये एक ओळ घातली, ती काढायची कुणाला आठवण नाही, आणि तिच्यासाठी तुम्ही एकट्या म्हाताऱ्या माणसांना वेठीला धरता. नवरा-मुलं असलेल्यांना हे कधी कळतही नाही. कळतं ते लग्न न केलेल्यांना, विधवांना, मुलं लांब गेलेल्यांना. आधीच ज्यांना पाणी द्यायला घरात माणूस नाही त्यांनाच सांगता, माणूस सिद्ध करून आणा!

काचेमागच्या मॅडमना मी बोलत नाही. त्या पगारापुरतं करतात. तुम्हाला बोलते, वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांना. तुमच्या फॉर्मवरचा ‘ब्लड रिलेशन’ रकाना खोडा. तिथे ‘पेशंटने सांगितलेली व्यक्ती’ असं छापा. आणि ते नाव नोटरीला विचारू नका, मला विचारू नका, खाली वॉर्डात जाऊन पेशंटला विचारा. तुमच्याकडे लिफ्ट आहे.