झाकणाचे फोटो

दुर्बिणीला डीएसएलआर कॅमेरा जोडला की सगळ्यात आधी काय होत असेल, तर दुर्बिणीतून बघणं बंद होतं. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, निघतो आणि त्याच्या जागी टी-रिंग नावाची जोडकडी आणि कॅमेऱ्याचं धूड बसतं. दुर्बीणच आता कॅमेऱ्याची लेन्स. डोळ्याला कुठे जागाच उरत नाही आणि आपण उरतो ते स्क्रू आवळण्यापुरते.

त्यातून दुर्बीण न्यूटन पद्धतीची, म्हणजे आरशाची असेल, तर आणखी मजा. अशा बऱ्याच दुर्बिणींत प्रतिमा जिथे उमटते तिथवर कॅमेऱ्याचा सेन्सर पोचतच नाही. फोकसर, म्हणजे फोकस जुळवायची सरकती नळी, पार आत ढकलला तरी थोडं कमीच पडतं. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी दीर्घिकेपासून प्रकाश बिनबोभाट येतो आणि घोडं अडतं शेवटच्या सेंटिमीटरला! मध्ये बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग, घातलं की जमतं, पण दुप्पट बार्लो प्रतिमा दुप्पट मोठी करतो आणि प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला चौथाई प्रकाश ठेवतो.

मग ध्रुवतारा. ताऱ्यांच्या मागे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा, म्हणजे माउंटचा, अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतलं त्याचं अढळपद माउंटचा अक्ष लावायला बसेपर्यंतच टिकतं. प्रत्यक्षात हा गृहस्थ खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही लांब बसलेला असतो आणि बाकीच्यांसारखाच रोज एक प्रदक्षिणा घालतो. त्याच्यावर भरवसा टाकून भागत नाही, कारण आकाश दर सेकंदाला १५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. १००० मिलिमीटर फोकल लेंथला एवढ्यात तारा दीड डझन पिक्सेल ओलांडतो. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं, पण ती इतक्या घाईत आहे हे कोणी बोललं नव्हतं.

फोकसबद्दल थोडक्यात: ऑटोफोकस इथे हात वर करतो. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, श्वास रोखून बटण फिरवावं, तर नुसत्या स्पर्शाने तारा नाचत पडद्याबाहेर जातो. फोकस तपासायची बाख्तिनोव्ह जाळी दुर्बिणीच्या तोंडाला लावून ताऱ्याभोवती दिसणाऱ्या तीन किरणांतला मधला नेमका मध्ये आणावा, तोवर हवा गार होते, नळी आकसते आणि फोकस पुन्हा हलतो.

मला हेन्री ड्रेपरचा हेवा वाटतो. या माणसाने १८८० च्या ३० सप्टेंबरला मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, ५१ मिनिटांचं एकच एक्स्पोजर देऊन. (नळी बरोबर फिरत राहावी म्हणून त्याने काय सोसलं असेल, याचा विचार मी सोयीस्करपणे टाळतो.) माझ्या आकाशात ५१ मिनिटं शटर उघडं ठेवलं तर दिव्यांच्या उजेडाने फोटो पांढराफटक होईल. म्हणून दोन-दोन मिनिटांचे ढीगभर फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. यातला हिशोब सावकारी आहे: फोटो चौपट काढले की दाणेदारपणा निम्माच होतो.

वर तेजोमेघातला हायड्रोजनचा तो खास लाल प्रकाश, ६५६ नॅनोमीटरचा, सेन्सरपुढची गाळणी बराचसा अडवते. माणसांच्या चेहऱ्यांचे रंग बिघडू नयेत, म्हणून ती सोय. रात्री दीड वाजता माझ्यापुढे एकही चेहरा नसतो.

पण खरा कळस पुढे आहे. सेन्सरचे स्वतःचे दोष वजा करायला ‘डार्क’ लागतात. तेवढाच आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), तेवढाच वेळ, तेवढंच तापमान आणि तोंडावर झाकण. तापमान जुळायला हवं, म्हणून हे त्याच रात्री करायचं. त्यामुळे ढग हटून आकाश काचेसारखं स्वच्छ होतं, तेव्हा मी झाकणाच्या आतल्या काळोखाचे फोटो काढत असतो. एकसारखे. डझनांनी.

आणि पहाटे ‘फ्लॅट’. फोटोतले धुळीचे डाग आणि कडांचा अंधार घालवायला एकसारख्या उजेडाचे फोटो हवेत, त्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बांधतात. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, फोकस बदलायचा नाही. हाताशी बनियन होता. तो सुरकुत्या काढून नळीवर चढवला आणि शटर दाबत बसलो, एवढ्यात कुंपणापलीकडून फिरायला निघालेले एक काका थबकले.

“काय हो, रात्रभर दिसता इथे. कशाचे फोटो काढताय?”

“आत्ता बनियनचे.”

“आणि रात्री?”

“जास्त करून झाकणाचे.”

काकांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “घरी माहीत आहे ना?”