डोंगरात ट्रेलर ओढायला डिझेलच हवं, हे खरं नाही

"डोंगराळ रस्त्यावर ट्रेलर ओढायचा तर डिझेल पिकअपच घ्या; पेट्रोलचा ट्रक चढावर दम टाकतो आणि उतारावर ब्रेक जाळतो." अमेरिकेत ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. त्यापायी लोक हजारो डॉलर जास्त मोजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे उतारावर निर्धास्त होतात.

टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, दुप्पट, म्हणून चढ डिझेलचाच, हा पहिला दावा. फोर्डच्या 2020 च्या सुपर ड्युटी या मोठ्या पिकअपमध्ये 6.7 लिटर डिझेलला 1,050 पौंड-फूट टॉर्क आणि 475 अश्वशक्ती, 7.3 लिटर पेट्रोलला 475 पौंड-फूट आणि 430 अश्वशक्ती. टॉर्कमध्ये दुपटीहून जास्त फरक, ताकदीत जेमतेम 10 टक्के. पेट्रोल इंजिन जवळपास दुप्पट आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) फिरतं, म्हणून त्याला तितका खालचा गिअर लावता येतो आणि चाकावरची तूट बरीचशी भरून निघते. ट्रक-ट्रेलर मिळून 8 टन, चढ 7 टक्के, वेग ताशी 80 किलोमीटर: नुसतं वजन वर न्यायला साधारण 165 अश्वशक्ती लागते, वारा आणि टायरचं घर्षण धरून सव्वादोनशेच्या आसपास. ती दोघांकडेही आहे. पेट्रोलचा ट्रक साडेचार-पाच हजार आरपीएमवर ओरडेल, पण त्या आवाजाने इंजिन बिघडत नाही.

उंचीवर पेट्रोल मरतं, हे अर्धंच खरं. विरळ हवेत टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर 1,000 फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-70 महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी, म्हणजे 11,000 फुटांवर, 430 ची 300 उरते. वरच्या हिशोबाला ती पुरते, पण हाताशी फारसं काही राहत नाही. मात्र हा फरक इंधनाचा नाही, आजच्या डिझेलला असलेल्या टर्बोचा आहे. फोर्ड एफ-150 मध्ये 2011 पासून मिळणारं 3.5 लिटर इकोबूस्ट पेट्रोलच आहे, आणि त्याला दोन टर्बो आहेत. बारा-चौदा टन नेहमीच ओढत असाल तर मात्र डिझेलच घ्या, तिथे माझा वाद नाही.

उतारावर डिझेल आपोआप गाडी धरतं, हा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद होते, आत निर्वात तयार होतो आणि गाडी ओढून धरली जाते. डिझेलची हवा अशी अडवली जात नाही, म्हणून नुसता पाय काढल्यावर ते फारसं धरत नाही. आजचे डिझेल ट्रक उतारावर खरोखर सरस आहेत ते एक्झॉस्ट ब्रेकमुळे: टर्बोच्या पात्या मिटतात, धूर आत कोंडतो आणि त्या दाबाशी पिस्टन झगडतात. पण बऱ्याच ट्रकमध्ये त्याचं बटण आधी दाबावं लागतं, आणि जुना डिझेल ट्रक घेतलात तर ही सोय असेलच असं नाही.

इंधन कोणतंही असो, माथा ओलांडण्याआधीच खालचा गिअर टाका. वेग ठरवलेल्या मर्यादेला भिडला की ब्रेक ठाम दाबून ताशी 8 किलोमीटरने खाली आणा आणि पूर्ण सोडा. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरलात तर ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत.

वजनाचा मुद्दा या सल्ल्यात येतच नाही. डिझेल इंजिन काही शे पौंड जड असतं आणि तेवढी ट्रकची भारक्षमता घटते. 12,000 पौंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर (पुढचा भाग ट्रकच्या हौद्यातल्या जोडावर टेकणारा) आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे 2,400 पौंड, ट्रकवर टेकवतो. त्यात माणसं आणि सामान वेगळं. पाऊण-टनी (हे नुसतं वर्गाचं नाव, खरी भारक्षमता नव्हे) डिझेल ट्रक इथेच मर्यादा ओलांडू शकतो. ट्रक ठरवण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. त्या ट्रकवर नेमका किती भार चालतो ते तिथे छापलेलं असतं.