चार माणसं, दोन तिकिटं आणि एक गादी

एमएस्सीला पुणे विद्यापीठात नंबर लागला, हॉस्टेल पण मिळालं, हे घरात सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न काय, तर "किती एकर आहे?" मी मोबाइलवर बघून सांगितलं, ४११. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आपलं शिवाजी विद्यापीठ ८५३ एकर आहे." म्हणजे निम्म्याहून कमी जागेत शिकायला पोरगी घर सोडून चाललीय असा त्याचा अर्थ. पुण्याचं १९४९ चं आहे आणि आपलं १९६२ चं, असं पण मी सांगून बघितलं, पण कोल्हापुरात एकर म्हणजे एकर, वय कोण विचारतंय.

तिथनं पुढे सामान सुरू झालं. माझी लिस्ट मोबाइलमध्ये तयार होती, कपडे, पुस्तकं, लॅपटॉप, चार्जर आणि बादली वगैरे तिकडे घेऊ. ती कुणी उघडून पण बघितली नाही. आईची लिस्ट डोक्यात होती आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला त्यात भर घालायचा हक्क होता, त्यामुळे कुणी लाडू आणले, कुणी स्टीलचं तांब्याभांडं, मावशीने विणलेला टेबलक्लॉथ आणला (टेबल कसलं आहे माहीत नाही, पण टेबलक्लॉथ तयार), आणि दिवाणावर ते सगळं मांडलेलं बघून आजी म्हणाली, "रुखवत झ्याक झालंय, नवरामुलगा कुठाय?"

आईचा ठाम समज आहे की पुण्यात सगळ्या भाज्यांत गूळ घालतात. त्यावर इलाज म्हणजे चटणी. उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेल्या वर्षाच्या कांदा-लसूण चटणीतली दोन किलो माझ्या वाट्याला आली, डब्यात पिशवी, पिशवीत पिशवी, वरून रबर. मी म्हटलं अगं मेस आहे तिथे. "मग मेसवाल्याला दे की चमचाभर, शिकंल तो पण."

कागदपत्रांचं सांगत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. टीसी, मायग्रेशन, नॉन क्रिमिलेयर, अँटी रॅगिंगचं हमीपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स. फक्त लोकल गार्डियन म्हणून बाबांच्या चुलतभावाच्या मेहुण्याला फोन लावला तेव्हा पहिली दहा मिनिटं आपण नक्की कोण हे त्याला पटवण्यातच गेली आणि शेवटी तो "बरं बरं, टाका नाव" म्हणाला, त्यावरून त्याला अजून पण पटलं नसावं.

खरा विषय गादी. हॉस्टेलवर कॉट असते, गादी आपली आपण न्यायची. मी म्हटलं तिकडे हलकी फोमची घेऊ. आई म्हणाली फोमनं पाठ जाते. झालं, कापसाची नवीन गादी भरून आली, चांगली चार फूट रुंद, सुतळीनं आवळून बांधलेली, आणि उचलायला गेलं की मधूनच लोंबणारी. दोघांनी धरली तरी तिसऱ्याच्या अंगावर जाते.

सोडायला बाबा आणि आई येणार एवढंच ठरलेलं. पण २०२३ पासून बायकांना एसटीत हाफ तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीपासूनच फुकट, हे आजीला पाठ आहे. "माझं काय जातंय" म्हणून ती आदल्या रात्रीच लुगडं काढून बसली. आजी शून्य, आई अर्धी, मी अर्धी, बाबा एकटे पूर्ण, म्हणजे चार माणसात दोन तिकिटं, आणि फुल तिकीटवाल्याला सगळ्यात कमी जागा. आजीनं मागायच्या आधीच आधार कार्ड काढून कंडक्टरच्या नाकासमोर धरलं. त्यानं कार्ड नाही बघितलं, डिकीत न मावून बोळात आलेली गादी बघितली. "आज्जी, घर सोडलं काय?"

स्वारगेटला उतरून रिक्षा दोन कराव्या लागल्या, एक माणसांची आणि एक गादीची, गादीसोबत बाबा. गेटातनं आत गेल्यावर ती मनोऱ्याची जुनी मेन बिल्डिंग दिसली तशी आजी खूश, "हे काय गं हॉस्टेल?" मी म्हटलं नाही गं, इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात येऊन राहायचा इथे. "मग बरं हाय, गळत नसंल."

लेडीज हॉस्टेलात पुरुषांना वर सोडत नाहीत. त्यामुळे बाहेर झाडाखाली आधीच चार-पाच वडील आपापल्या पिशव्या राखत बसले होते, त्यात आमचे बाबा जाऊन मिसळले. आम्ही खाली येईपर्यंत त्यांच्यात गाडीचं अॅव्हरेज झालं, कुणाच्या जिल्ह्यात पाऊस किती झाला ते झालं, आणि गाडी टोलवर आली होती. कोल्हापूरच्या माणसासमोर टोल काढू नये. "आमच्या शहरातला टोल आम्ही आंदोलन करून घालवला," बाबा सांगत होते, जणू एकट्याने.

इकडे गादी मी आणि आई दोन जिने वर नेत होतो. जिन्याच्या वळणावर ती अडकली, पुढून मी ओढतेय, मागून आई ढकलतेय, सुतळी बोटात रुतलीय, आणि खालून आजी "उभी करा, उभी करा" सांगतेय. कापसाची गादी उभी राहत नाही हो. कशीबशी रूममध्ये नेऊन कॉटवर टाकली तर कॉट अडीच-तीन फुटांची. गादी भिंतीकडून वर चढली आणि इकडून खाली लोंबली. म्हणजे मी गादीवर झोपत नाही, गादीत झोपते.

रूममेट दोघी. एक सोलापूरची, तिच्या बॅगेतून शेंगाचटणी निघाली. दुसरी जळगावची, तिच्याकडे काळा मसाला आणि वर लसणाची चटणी. तिघींचे डबे खिडकीत लावले तर छोटं दुकान दिसायला लागलं. मग अंघोळीचा विषय निघाला आणि कळलं की बादली एकीकडे पण नाही, कपाटाला लावायला कुलूप नाही, सॉकेट एकच आणि एक्स्टेन्शन बोर्ड कुणीच आणला नाही.

बाहेरच्या दुकानात गेलो. काकांनी आम्हा तिघींकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही, आणि काउंटरवर तीन बादल्या, तीन मग, तीन कुलपं, एक एक्स्टेन्शन आणि नायलॉनची दोरी मांडली. मी म्हटलं काका, कपड्यांचे चिमटे राहिले.

"ते कशाला घेता? पंधरा दिवसात दोरीवर दुसऱ्यांचेच मिळतात."