ई-सिम म्हणजे ‘हवेतला नंबर’? एका फिरत्या मेसेजचा समाचार

गेल्या आठवड्यात टुरिस्ट टॅक्सी चालवणारे एक काका गाडीतला ट्रॅकिंगचा डबा पिशवीत घालून दुकानात आले. डॅशबोर्डच्या मागून स्वतःच उपटलेला, वायरी लोंबत होत्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर हे डबे बसवण्याचंच काम मी करतो. ‘काढून दे रे’ म्हणणारे रोज भेटतात, काढून आणणारा पहिलाच. कारण विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलेला तोच मेसेज:

“सावधान! ई-सिम हे खरं सिम नाही, हवेतला नंबर आहे, कुणीही कॉपी करतो. कंपनी लांबून बटण दाबते आणि तुमचा नंबर दुसऱ्याच्या फोनमध्ये जातो, बँक साफ. गाडीतलं, मीटरमधलं ई-सिम तुमचं बोलणं ऐकतं. गाडी बंद असली तरी पाळत ठेवतं. प्लास्टिकचंच सिम वापरा, ई-सिम काढून फेका.”

हा रिक्षावाल्यांतही फिरतोय, आणि रिक्षाला तर हा डबा बसवायच्या सक्तीचा नियमच लागू नाही! असो. एकेक घेऊ.

‘खरं सिम नाही, हवेतला नंबर’. काकांचा डबा उघडून मी त्यांना चिप दाखवली. सहा मिलिमीटर बाय पाच, बोर्डाला डाखलेली. सिम आहे, फक्त खाचेतून निघत नाही. हवेतून येतं ते प्रोफाइल, म्हणजे त्या जोडणीची ओळख आणि नेटवर्कला पटवून देणारी गुप्त किल्ली. प्रत्येक चिपला 32 अंकी ईआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. तुमच्या फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर *#06# दाबून पाहा, आयएमईआयसोबत, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत दिसेल. प्रोफाइल उतरवण्याआधी चिप आणि ऑपरेटरचा सर्व्हर एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात, आणि मग प्रोफाइलचं पाकीट त्याच एका चिपसाठी कुलूपबंद होऊन येतं. वाटेत कुणी पकडलं तरी दुसऱ्या चिपवर ते उघडत नाही.

मग नक्कल अशक्यच का? तसं मी म्हणणार नाही. जुलै 2025 मध्ये पोलंडच्या सिक्युरिटी एक्सप्लोरेशन्स या संस्थेच्या संशोधकांनी केजेन (Kigen) या ई-सिम कंपनीच्या चिपमधून प्रमाणपत्राची किल्ली बाहेर काढली आणि एका ई-सिमची नक्कल चालवून दाखवली. केजेनच्या म्हणण्याप्रमाणे त्यासाठी चिप आधी हातात असावी लागते, आणि वाट मिळाली ती चाचणीसाठीच्या प्रोफाइलमधल्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या किल्ल्यांमुळे. त्या चाचणी-प्रोफाइलचा नियम नंतर बदलला. ही गोष्ट गंभीरच आहे. पण मेसेज ज्या प्लास्टिकच्या सिमचे गोडवे गातो, त्याची नक्कल अमेरिकेत 1998 सालीच झाली होती, तेव्हाच्या सिममधलं कॉम्प-128 हे गणित कच्चं निघालं म्हणून. दोन्ही वेळा दोष किल्ल्या सांभाळण्यात आणि गणितात होता. चिप खाचेत आहे की डाखलेली, याने काही फरक पडला नाही.

‘कंपनी लांबून बटण दाबते’. मेसेजचा खरा घोळ इथे आहे, कारण फोनचं ई-सिम आणि यंत्राचं ई-सिम या दोन वेगळ्या रीती आहेत आणि त्याने दोन्ही एकाच कढईत टाकल्यात.

फोनमध्ये ओढणारे तुम्ही असता. क्यूआर स्कॅन करता, ‘हो’ म्हणता, तेव्हा प्रोफाइल उतरतं. मग लोकांचे पैसे जातात कसे? ‘कस्टमर केअरमधून बोलतोय, तुमचं सिम अपग्रेड करायचंय’ असा फोन येतो, आणि तो माणूस तुमच्याच मोबाइलवरून एक एसएमएस पाठवायला लावतो किंवा आलेला ओटीपी विचारून घेतो. त्या विनंतीत जो ईआयडी जातो तो त्याच्या फोनचा असतो. ऑपरेटरच्या दृष्टीने ग्राहकानेच मागणी केली, म्हणून नंबर तिकडे चालू होतो आणि तुमच्या फोनची रेंज जाते. इथे हॅकिंग शून्य, सगळं काम तुमच्या तोंडून करून घेतलेलं. प्लास्टिकच्या काळातही खोटी कागदपत्रं दाखवून डुप्लिकेट सिम काढायचेच की. आता त्याला दुकानापर्यंत चालत जावं लागत नाही, एवढं मात्र मान्य. आजूबाजूला सगळ्यांना रेंज आहे आणि तुमचीच अचानक गेली, तर फोन रीस्टार्ट करत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँक, मग सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

यंत्राची गोष्ट उलटी. डब्याला ना स्क्रीन, ना ‘हो’ म्हणणारा माणूस. म्हणून तिथे सर्व्हर प्रोफाइल ढकलतो. काका नाशिकचं भाडं घेऊन कसारा घाटात शिरले आणि एका कंपनीची रेंज गेली, तर त्याच चिपवरचं दुसरं प्रोफाइल चालू होतं. एका वेळी चालू मात्र एकच. आणि या डब्याच्या जोडणीचा तुमच्या बँकेच्या नंबराशी काडीचा संबंध नाही; यंत्रांसाठी 13 अंकी क्रमांकांची वेगळी मालिका आहे, आणि त्यांच्या कॉल-एसएमएसला आधी ठरवून दिलेल्या मोजक्या नंबरांपलीकडे परवानगी नसते.

लांबून बदलता येतं याची भीती घालतायत, माझी तक्रार नेमकी उलटी आहे: बदलता येत असून बदलून देत नाहीत. एका शाळेच्या सहा व्हॅनमध्ये डबे ठणठणीत होते, फक्त सिमची मुदत संपली. विकणाऱ्याने महिनाभर टोलवलं आणि शेवटी सांगितलं, नवे डबे घ्या. चिपची सूत्रं ज्याच्या सर्व्हरकडे, त्याने मनावर घेतलं असतं तर काम लांबूनच झालं असतं. घाबरायचंच असेल तर ‘चावी कुणाकडे’ हे विचारून घाबरा, तेही डबा विकत घेण्याआधी. परदेशातून येणाऱ्या यंत्रांबाबत ट्राय या दूरसंचार नियामकाने मार्च 2024 मध्ये अशी शिफारस केली की रोमिंगवर चालणारं प्रोफाइल सहा महिन्यांच्या आत भारतीय कंपनीचं करून घ्यावं. लांबून बदलण्याची सोयच नसती, तर त्यासाठी प्रत्येक गाडीचा बोर्ड उघडावा लागला असता.

‘बोलणं ऐकतं’. ऐकायला माइक लागतो. सिमला कान नसतात. यंत्रात माइक असेल तर ते प्लास्टिकच्या सिमवरही ऐकेल. वीजमीटर रीडिंग आणि विजेच्या नोंदी पाठवतो, तुमचं बोलणं नाही.

‘गाडी बंद असली तरी पाळत’. हे मात्र खरं आहे, आणि ते ई-सिममुळे नाही. या डब्यांसाठीच्या एआयएस-140 या मानकातच लिहिलंय की इग्निशन बंद असतानाही डब्याने ठरावीक वेळाने ठिकाण कळवत राहायचं आणि गाडीची बॅटरी तोडली तरी आतल्या बॅटरीवर चार तास चालायचं. मागच्या सीटवरच्या बाईने पॅनिक बटण दाबलं आणि चालकाने वायर ओढली, तर काय व्हावं? त्यासाठी ते आहे. ती माहिती कोण किती दिवस साठवतं हा प्रश्न जरूर विचारा, पण तो परिवहन खात्याला. सिमला विचारून उपयोग नाही.

राहिला सल्ला: काढून फेका. डाखलेली चिप काढायची म्हणजे बोर्ड जाळायचा. डबा नसला की गाडी फिटनेस तपासणीला अडकणार, आणि काकांची वडाळा आरटीओची तारीख होती गुरुवारची. चिप शाबूत निघाली, फक्त अँटेनाची वायर मुळातून तुटली होती. ती बदलून दिली. मजुरीचे पैसे मेसेज पाठवणाऱ्या मेव्हण्याकडून घेणार म्हणाले.