ट्रिगर बसला नाही म्हणे

परवा तालुक्याला पीक विम्याच्या त्या गाळ्यात गेलो. खुर्चीतलं पोरगं मोबाइलवरची नजर न काढता म्हणतं, "काका, तुमच्या मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांचं मिळून, सरासरी उत्पन्न उंबरठ्याच्या वर आलंय. ट्रिगर, म्हणजे भरपाई मिळायची अट, बसला नाही." म्हणलं, बाळा, सप्टेंबरात तेरणा नदी माझ्या सोयाबीनवरून गेली. बांध गेला, वरची काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. काठाच्या चार ओळींत जे उभं राहिलं त्याच्या शेंगांना झाडावरच मोड फुटले. अन् बसला नाही म्हणजे काय? तर म्हणतं, "पाणी आलं ते खरंय हो काका, पण ते आता पॉलिसीत नाही."

आता पॉलिसीत नाही! नदीनं पॉलिसी वाचून यायला पाहिजे होतं.

एक रुपयातला विमा 2023 च्या खरिपात आला, 2025 ला बंद केला. हप्ता पुन्हा 2 टक्के, तो भरला, तक्रार नाही. पण जाता जाता स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं, काढणीनंतरचं नुकसान, सगळे ट्रिगर उपटून टाकले. ठेवला फक्त पीक कापणी प्रयोग. अन् कोणत्या वर्षी? ज्या वर्षी मराठवाडाभर नद्या रानात शिरल्या त्याच वर्षी.

आता हा प्रयोग बघा. मंडळातली काही रानं चिठ्ठीनं निघतात. आमच्याकडं एक निघालं माळावरचं. चार खुंट्या रोवल्या, दोरी ताणली, चौकोनातलं सोयाबीन कापलं, ताडपत्रीवर बडवलं, पाखडलं, काट्यावर ठेवलं. ग्रामसेवक, कृषी सहायक, कंपनीचा माणूस सगळे वाकून काट्याकडं बघतायत अन् एकजण फोटो काढतोय. मी पण होतो तिथं. दाणे असे टपोरे की माळवाल्यालाच लाज वाटली. माळावर पाणी थांबत नाही, तिथं पिकणारच! ते वजन सरासरीत घातलं, माझ्या मुरमातलं शून्य त्यात आलंच नाही, वर उपग्रहावरून काढलेल्या अंदाजाचा आकडा शिंपडला, अन् मंडळ पास. मी नापास व्हायला बसलोय तर मला होऊ देईनात.

उंबरठा तरी कसला? मागच्या सात वर्षांतली पाच बरी वर्षं धरायची, त्यांच्या सरासरीच्या 70 टक्के. आमची बरी वर्षं तुम्हाला माहितीच आहेत. एकदा गोगलगायी, एकदा पिवळा मोझॅक रोग, एकदा परतीचा पाऊस, त्यातून पाच निवडायची अन् वरून 30 टक्के कापायचे. तो उंबरठा इतका खाली गेलाय की मुंगी पण न वाकता ओलांडेल.

आधीचं तरी काय मोठं सुख होतं म्हणा. नुकसान झालं की 72 तासांत कळवा. घडी सुरू कधी? नुकसान झाल्यापासून. रानात गुडघाभर पाणी, गावात लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, पण घडी सुरू. त्या टोल फ्रीवरची बाई म्हणायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी चिडून तिला म्हणलं, "ताई, मग उचला ना." मागून बायको म्हणली, "अहो, ती रेकॉर्डिंग आहे." मला माहिती होतं. तरी तिच्याशी भांडलो, कारण दुसरं कोणी उचलतच नव्हतं.

अन् काढणीनंतरचं नुकसान! कापल्यापासून 14 दिवसांच्या आत, तेही माल सुकायला रानात पसरलेला किंवा छोट्या पेंढ्या बांधून ठेवलेला असला तरच. म्हणजे ज्यानं आभाळ बघून रातोरात बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावली, वर ताडपत्री ओढली, तो बाहेर. ज्यानं पसरून ठेवलं तो आत. शहाणपणा केला की व्याख्येतून नाव कट.

2023 च्या ऑगस्टात पाऊस गायब झाला तेव्हा भरपाईसाठी लागणारा 21 दिवसांचा पावसाचा खंड मोजत बसलो होतो. एक शिंतोडा आला की पोटात गोळा यायचा, मोजणी तर तुटली नाही ना? पावसाला घाबरणारा शेतकरी, हे बघायचं राहिलं होतं.

अतिवृष्टीच्या सरकारी अनुदानाचं वेगळंच. तिथं मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटर पाऊस लागतो, पंचनाम्यात 33 टक्क्यांवर नुकसान लागतं. पर्जन्यमापक उभा मंडळाच्या गावी, ढग फुटला आमच्या शिवारात. अन् मेव्हण्याच्या मेडिक्लेमला 24 तास भरती पाहिजे होती. डॉक्टरनं चांगल्या मनानं लवकर सोडलं, आजार झालाच नाही असं ठरलं.

आता माझं असं झालंय की घरात कोणी काही म्हणलं की मी व्याख्या विचारतो. परवा पुतण्याच्या सोयरिकीत पाहुणे म्हणले, "हुंडा नको, फक्त लग्न चांगलं करून द्या." म्हणलं, चांगलं म्हणजे काय, कोण ठरवणार, किती तासांत कळवायचं? भावानं हाताला धरून बाहेर नेलं.

तर गाळ्यातून निघताना ते पोरगं म्हणलं, "काका, खुशखबर आहे. 2026 च्या खरिपापासून केंद्र पाण्यात बुडालेलं पीक विम्यात परत घेतंय." जीव हरखला. म्हणलं, सोयाबीन? पोरगं म्हणलं, "नाही, भात." तेरणेकाठी भात! "अन् रानडुकरांनी खाल्लं तर ते पण." चला, डुकरं आमच्याकडं भरपूर आहेत. 72 तासांत ॲपवर फोटो टाकायचा. रानाचा टाकायचा की डुकराचा, एवढं विचारायचं राहिलं, त्यासाठी परत त्याच गाळ्यात जावं लागेल.