ऊन परभणीचं, एन्झाइम ३७ अंशांचे

पारा चढला की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो: मराठवाड्यातल्या माणसाचे एन्झाइम (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) पिढ्यान् पिढ्या ४५ अंशांत तावून निघालेत, म्हणून आपल्याला ऊन लागत नाही. पुराव्याला गरम झऱ्यांतले जीवाणू, जोडीला ज्वारीच्या भाकरीतले एन्झाइम आणि शेवटी ‘रुमाल-टोपी हे शहरी चोचले’.

जीवाणूंचं खरं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत १९६०च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू सापडला. त्याचा टॅक पॉलिमरेज हा एन्झाइम पीसीआरमधले, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रातले, ९५ अंशांचे फेरे सोसतो. पण ७० अंशांच्या पाण्यातला जीवाणू आतूनही ७० अंशांचाच असतो. माणूस परभणीत असो की लेहला, आतून ३७. एन्झाइमला हवामान खात्याचा आकडा कळत नाही. पेशी जेवढी तापते तेवढंच त्याला लागू.

माशांकडे पाहा. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बॅराकुडा जातींच्या पाण्यात जेमतेम ३ ते ८ अंशांचा फरक, तरी त्यांचा लॅक्टेट डिहायड्रोजनेज हा स्नायूंतला एन्झाइम बदललाय, कारण मासा पाण्याइतकाच गार-गरम असतो. एन्झाइम म्हणजे ॲमिनो आम्लांच्या मण्यांची माळ; इथल्या सुमारे ३३० मण्यांच्या साखळीत एखाद-दुसरं बदललं तरी पुरतं. आणि ते पायरुव्हेट (ज्या रेणूवर हा एन्झाइम काम करतो तो) धरणाऱ्या मुख्य जागी बदलत नाही. ती जागा जातीजातींत तशीच राहते. बदलतात भोवतालचे, काम करताना हलणारे भाग. अंटार्क्टिकातल्या माशांत हे भाग सैल, म्हणून उणे १.९ अंशांतही काम उरकतं. तोच एन्झाइम तापला की पायरुव्हेट नीट धरत नाही. उष्ण पाण्यातल्या माशाचा ताठ असतो, टिकतो, पण गारठ्यात रेंगाळतो. तेव्हा ‘एन्झाइम जितका मजबूत तितका भारी’ हा समजही गेला.

‘पण शेतात राबणाऱ्याला सवय होतेच की!’ होते. आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातलं मीठ घटतं, रक्तातला द्रव वाढतो. एन्झाइममधला ॲमिनो आम्लांचा क्रम होता तोच राहतो, आणि ऊन सुटलं की काही आठवड्यांत सवयही मोडते.

भाकरीचं थोडक्यात: ज्वारीचे एन्झाइम तव्यावरच निकामी होतात. उरलंसुरलं पोटात पचतं.

राहिला रुमाल. तो चोचला नाही. उष्माघातात आतलं तापमान ४०च्या वर जातं, माणूस बरळतो, शुद्ध हरपते. तिथं कुणाचे पूर्वज कुठले हे बघत बसू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा.